न्यूरॉन विभागत का नाही, आणि विभागायला गेला तर का मरतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मालवणला अकरावी-बारावीच्या मुलांना बायो शिकवते. दरवर्षी सेल सायकलचा धडा आला की तेच प्रश्न येतात, मुलांचे वेगळे, पालकांचे वेगळे, आणि हल्ली व्हॉट्सॲपवर ओळखीपाळखीतून पण येतात कारण घराघरात कोणीतरी विसरायला लागलेलं माणूस आहे. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच ठेवावं. एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं तिच्याच भोवती फिरणार आहे: न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली मज्जापेशी, विभागायचं थांबतो असं आपण वाचतो तेव्हा वाटतं इंजिन बंद पडलं. खरं म्हणजे तो स्वतःला थांबवून धरतो, रोजच्या रोज, आयुष्यभर, आणि ज्या प्रोटिनांनी थांबवून धरतो त्यातली काही त्याला न्यूरॉन बनवायला पण लागतात.

पेशीचक्र म्हणजे काय, अगदी थोडक्यात सांगा ना

चार टप्पे. जी१ मध्ये पेशी वाढते आणि ठरवते की पुढे जायचं का नाही, एस मध्ये डीएनएची कॉपी होते, जी२ मध्ये तपासणी आणि तयारी, आणि एम मध्ये एकाच्या दोन. जी१ मधून बाजूला होऊन थांबली तर त्याला जी० म्हणतात.

मी वर्गात ट्रॉलरचं उदाहरण देते. बोट बंदरात उभी आहे, डिझेल भरलं का, बर्फ भरला का, पाणी, रेशन, खलाशी सगळे आले का, बावटा लागलाय का, हे सगळं तांडेल बघतो, आणि तोपर्यंत कधीही बेत रद्द करता येतो. हा जी१. पण एकदा बोट खाडीच्या तोंडातून बाहेर पडली की मग कोणी किनाऱ्यावरून हाका मारून उपयोग नाही. पेशीत पण असा एक बिंदू असतो, आर्थर पार्डी यांनी १९७४ मध्ये तो दाखवला, रिस्ट्रिक्शन पॉइंट. त्याच्या आधी बाहेरून वाढीचे सिग्नल मिळणं बंद झालं तर पेशी थांबते, त्याच्यानंतर बंद झाले तरी ती चक्र पुरं करते. निरोगी न्यूरॉनची सगळी गोष्ट या तोंडाच्या अलीकडची आहे हे लक्षात ठेवा.

सायक्लिन, सीडीके, पी२७, आरबी... यातलं कोण काय करतं? पाठ होत नाही

पाठ करू नका, कोण कोणाला ढकलतं आणि कोण कोणाला धरतं एवढं बघा.

सीडीके हे एन्झाइम, दुसऱ्या प्रोटिनांवर फॉस्फेट चिकटवणारं. एकटं असताना ते जवळजवळ निकामी, सायक्लिन येऊन बसला की चालू होतं. सायक्लिन डी सोबत सीडीके४ आणि ६ हे जी१ मध्ये, सायक्लिन ई सोबत सीडीके२ हे एस च्या उंबरठ्यावर, आणि सायक्लिन बी सोबत सीडीके१ हे एम साठी. ही ढकलणारी मंडळी. धरणारी मंडळी म्हणजे पी२१, पी२७, पी५७ हे एक कुटुंब, आणि पी१५, पी१६, पी१८, पी१९ हे दुसरं, जे फक्त सीडीके४ आणि ६ ला धरतं. आणि मधे उभा आरबी. आरबी हा ई२एफ नावाच्या जीन चालू करणाऱ्या प्रोटिनाला मिठी मारून बसलेला असतो, सीडीकेंनी आरबीवर भरपूर फॉस्फेट चिकटवले की मिठी सुटते, ई२एफ मोकळा होतो आणि डीएनए कॉपी करायला लागणारे जीन चालू होतात. बोट तोंडातून बाहेर.

सायक्लिन सापडला तो कशात ते ऐकून मालवणच्या मुलांचे कान उभे राहतात. आपल्याकडे ओहोटीला कातळाच्या खाचांत काळे काटेरी गोळे दिसतात ना, साळिंदरासारखे, सी अर्चिन, त्यांच्याच एका अमेरिकन भावंडाच्या अंड्यांत. १९८२ मध्ये टिम हंट हे शास्त्रज्ञ अमेरिकेत वुड्स होलच्या समुद्री प्रयोगशाळेत उन्हाळी कामाला गेले होते, अंडी फलित करून त्यात कोणती प्रोटिनं तयार होतात ते बघत होते. बहुतेक प्रोटिनांच्या पट्ट्या वेळेबरोबर गडद होत गेल्या, एक पट्टी मात्र गडद व्हायची आणि पेशी विभागायच्या वेळी एकदम नाहीशी, मग परत गडद, परत नाहीशी. प्रोटीन तयार होणं सगळ्यांना माहीत होतं, पण एवढं वेळेवर नष्ट होणं हीच बातमी होती. २००१ चं नोबेल हंट, लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स या तिघांना मिळालं, बाकीच्या दोघांनी यीस्टवर काम केलं होतं.

न्यूरॉन विभागत नाही म्हणजे त्याच्यात ही प्रोटिनं नसतातच ना?

इथेच सगळ्यांची गल्लत होते. असतात, बरीचशी असतात. धरणारी तर भरपूर असतात आणि ढकलणारी काही तयार होत राहतात पण त्यांना लगेच संपवलं जातं. उदाहरणार्थ सायक्लिन बी. प्रौढ न्यूरॉनमध्ये एपीसी-सीडीएच१ नावाची यंत्रणा आहे, तिचं काम सायक्लिन बी वर टॅग लावून त्याला कचऱ्यात पाठवणं. प्रयोगशाळेत न्यूरॉनमधला सीडीएच१ कमी केला तर सायक्लिन बी साठतो आणि न्यूरॉन मरतो. म्हणजे विचार करा, जी पेशी पुढची सत्तर वर्षं विभागणार नाही ती विभागणीचं प्रोटीन वेचून टाकायला रोज ऊर्जा खर्च करतेय.

अजून दोन प्रयोग सांगते कारण त्यांच्याशिवाय हे पटत नाही. १९९२ मध्ये उंदराच्या छोट्या मेंदूतल्या पर्किंजे नावाच्या मोठ्या न्यूरॉनमध्ये एसव्ही४० विषाणूचा टी अँटिजेन घातला. हा टी अँटिजेन आरबीला आणि पी५३ या आणखी एका धरणाऱ्या प्रोटिनाला निकामी करतो, इतर पेशींत घातला तर त्या वेड्यासारख्या वाढतात, गाठ होते. पर्किंजे पेशींची गाठ झाली नाही, त्या हळूहळू झिजून मेल्या. आणि १९९९ चा दुसरा, पी२७ आणि पी१९आयएनके४डी (वरच्या यादीतला पी१९) असे दोन ब्रेक एकदम नसलेले उंदीर. त्यांच्या मेंदूत जन्मानंतर, जिथे कोणी विभागायला नको तिथे न्यूरॉन विभागताना दिसले, पिल्लांना झटके यायचे आणि तीन आठवड्यांच्या आतच ती दगावली. एकेकटा ब्रेक काढला तेव्हा मेंदूत असं घडलं नव्हतं, म्हणजे निसर्गाने इथे डबल दोर बांधलाय.

कानात मात्र एकच पुरेसा ठरला. पी१९आयएनके४डी नसलेल्या उंदरांत आवाज टिपणाऱ्या केसपेशी नीट तयार होतात, काही दिवस ठीक असतात, मग परत चक्रात शिरायचा प्रयत्न करतात आणि मरतात, उंदीर हळूहळू बहिरा होतो. केसपेशी म्हणजे काही न्यूरॉन नव्हेत पण तशाच आयुष्यभराच्या पेशी. तयार होणं एक आणि तसं टिकून राहणं दुसरं, हे मला या प्रयोगामुळे खरं कळलं.

गर्भात मेंदू बनताना कोणी कधी थांबायचं हे कसं ठरतं?

हे समजायला तरव्याचं बघा. जूनमध्ये आपण तरवा पेरतो, एका छोट्या तुकड्यात दाटीवाटीने रोपं येतात, मग ती उपटून मुठी बांधून खाचरात नेऊन लावतो, आणि एकदा लावणी झाली की ते रोप तिथलं. घाई करून कोवळा तरवा काढला तर रोपं कमी भरतात आणि उशीर केला तर म्हातारा होतो. मेंदूत पण तसंच, आतल्या पोकळीच्या कडेला एक पट्टा असतो, तिथे मूळ पेशी विभागत राहतात, आणि ज्या विभागणं सोडतात त्या तिथून उठून लांब लांब तंतूंच्या आधाराने वर सरकत कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या पापुद्र्याच्या, थरात जाऊन बसतात. पट्ट्यात किती वेळा विभागणी झाली आणि कोणत्या वेळी किती पेशी बाहेर पडल्या यावर मेंदू केवढा आणि कसा होणार ते ठरतं.

उंदराचे आकडे चांगले माहीत आहेत, १९९५ मध्ये मोजलेले. कॉर्टेक्सचे न्यूरॉन बनायला साधारण ६ दिवस लागतात, तेवढ्यात ११ चक्रं होतात. सुरुवातीला एक चक्र ८ तासांचं असतं आणि शेवटी १८ तासांचं. आता हा वाढलेला वेळ कुठे गेला? जवळजवळ सगळा जी१ मध्ये, तो ३ तासांवरून १२ तासांवर जातो, बाकीचे टप्पे फारसे बदलत नाहीत. म्हणजे पेशी जसजशा न्यूरॉन बनायच्या जवळ येतात तसतसा बंदरात उभं राहायचा वेळ वाढत जातो.

मग लोकांनी विचारलं, हा वेळ वाढणं हा परिणाम आहे का कारण? २००३ मध्ये कालेगारी आणि हुटनर यांनी उंदराच्या गर्भांवर सीडीके रोखणारं औषध वापरून जी१ मुद्दाम लांबवला, तर न्यूरॉन वेळेआधी बनायला लागले. नंतर २००९ मध्ये उलटं केलं, सीडीके४ आणि सायक्लिन डी१ जास्तीचे देऊन जी१ छोटा केला, तर न्यूरॉन बनणं मागे पडलं आणि मूळ पेशी वाढल्या. त्याचं एक स्पष्टीकरण मला पटतं, की पेशीला नशीब बदलणारे सिग्नल मिळत असतातच पण त्यांचा परिणाम साठायला वेळ लागतो, जी१ छोटा असेल तर साठायच्या आत पेशी पुढे निघून जाते.

मायक्रोसेफली, म्हणजे डोकं लहान असलेलं बाळ, याचा संबंध पण इथेच. एएसपीएम, डब्ल्यूडीआर६२, सीडीके५आरएपी२ हे त्याचे काही ज्ञात जीन, आणि यांची प्रोटिनं विभागणीच्या वेळी सेंट्रोसोम आणि स्पिंडल, म्हणजे गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारी यंत्रणा, यांच्यापाशी काम करतात. २०१५-१६ मध्ये ब्राझीलला झिकाची साथ आली तेव्हा पण विषाणू याच पट्ट्यातल्या मूळ पेशींना धरत होता. तरवाच गेला तर लावणी कशाची करणार.

आधी थांबतो आणि मग न्यूरॉन बनतो, की न्यूरॉन बनायला लागतो म्हणून थांबतो?

दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि मला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो म्हणून जरा सविस्तर.

न्यूरोजेनिन२ हे एक प्रोटीन आहे, पेशीला सांगतं की तू न्यूरॉन हो. आता जोरात विभागणाऱ्या पेशीत सीडीके भरपूर चालू असतात आणि ते न्यूरोजेनिन२ वर एक नाही अनेक ठिकाणी फॉस्फेट चिकटवतात, त्यामुळे त्याची डीएनएवरची पकड ढिली होते. चक्र मंदावलं, सीडीके कमी झाले, फॉस्फेट कमी झाले, की तोच न्यूरोजेनिन२ घट्ट पकड घेतो आणि न्यूरॉनचे जीन चालू करतो. म्हणजे वेगळा निरोप कोणी द्यायला नको, चक्राचा वेग हाच निरोप. दुसरीकडून पी२७. त्याचं ओळखपत्रावरचं काम सीडीकेला धरणं, पण २००६ मध्ये दिसलं की तो न्यूरोजेनिन२ ला टिकवून पण धरतो, आणि पेशीला वर सरकायला पण मदत करतो, आणि या तिन्ही कामांसाठी त्याचे वेगवेगळे भाग आहेत. एकच माणूस होडी पण बांधून ठेवतो, जाळं पण विणतो आणि वल्हं पण मारतो, आपल्याकडे अशी माणसं घरटी एक असायची.

आता आरबीची गोष्ट ऐका. १९९२ मध्ये आरबी नसलेले उंदीर तयार केले तर ते गर्भातच, १३ ते १५ दिवसांच्या सुमारास मेले, आणि मज्जासंस्थेत नको तिथे विभागणी आणि मोठ्या प्रमाणात पेशींचा मृत्यू दिसला. सगळ्यांना वाटलं आरबी नाही म्हणून न्यूरॉन मेले, संपला विषय. पण २००३ मध्ये त्याच उंदरांना निरोगी वार (प्लॅसेंटा) मिळेल अशी सोय केली, तर गर्भ जास्त जगले आणि न्यूरॉनचा मृत्यू बराचसा दिसेनासा झाला. म्हणजे बरेचसे न्यूरॉन प्राणवायू आणि पोषण नीट न पोचल्यामुळे मेले होते. विभागणीतला गोंधळ मात्र राहिला. दहा वर्षं पुस्तकात असलेली गोष्ट वार बदलल्यावर बदलली! मी मुलांना नेहमी सांगते की अमुक जीन काढला आणि तमुक झालं एवढ्यावर थांबू नका, मधे काय काय आहे ते विचारा.

आणि नियमाला धक्का देणारी गोष्ट पण सांगायला हवी. २००७ मध्ये उंदराच्या डोळ्यातल्या हॉरिझॉन्टल पेशी, म्हणजे पूर्ण तयार झालेले, फांद्या आणि जोडण्या असलेले न्यूरॉन, आरबी कुटुंबातली एक प्रत सोडून बाकी सगळी काढल्यावर विभागायला लागले आणि न्यूरॉनपण न सोडता त्यांची गाठ झाली. म्हणजे न्यूरॉन कधीच विभागू शकत नाही हे विधान सुद्धा शंभर टक्के खरं नाही, बहुतेक वेळा त्या वाटेवर मृत्यू आधी येतो एवढं म्हणता येतं.

मॅडम तुम्ही स्वतः हे कधी बघितलंय का?

हो, एमएस्सीला असताना. न्यूरोब्लास्टोमा नावाच्या लहान मुलांच्या ट्यूमरपासून बनवलेल्या पेशी, एसएच-एसवाय५वाय, त्या आमच्या लॅबमध्ये फ्लास्कमध्ये वाढवायचे. त्यांना रेटिनोइक ॲसिड दिलं की विभागणी मंदावते आणि त्या न्यूरॉनसारख्या दिसायला लागतात. दोन फ्लास्क शेजारी शेजारी ठेवलेले, एकात औषध एकात नाही. पेशींचं खाद्य असतं ते लालसर गुलाबी, पेशी खूप वाढून आम्ल सोडायला लागल्या की पिवळं पडतं. बिनऔषधाचा फ्लास्क दोन-तीन दिवसांत पिवळा, आत पेशींचे ढीग, एकावर एक. औषधवाला गुलाबीच. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पेशी लांब लांब, एकेकीला बारीक धागा फुटलेला, कोळ्याच्या जाळ्यासारखा नाही, एकच धागा, सरळ निघालेला, टोकाशी जरा फुगीर, आणि तो दुसऱ्या पेशीपर्यंत पोचलेला. सहाव्या दिवशी मी तो धागा बघत बराच वेळ बसले होते, मागे रांग लागली तरी उठवेना. कॅन्सरची पेशी विभागणं सोडून हात पुढे करतेय हे डोळ्यांनी बघणं वेगळं असतं. हेच औषध एका रूपात जास्त धोक्याच्या न्यूरोब्लास्टोमाच्या मुलांना मुख्य उपचार झाल्यावर देतात सुद्धा.

सीडीके५ पण पेशीचक्राचाच का?

नाव सीडीके आहे म्हणून वाटतं, पण न्यूरॉनमध्ये त्याचं काम विभागणी चालवणं नाही आणि त्याला चालू करायला सायक्लिन लागत नाही, पी३५ नावाचं प्रोटीन लागतं. गर्भात न्यूरॉनना आपापल्या थरात नेऊन बसवण्यात याचा मोठा हात, तो नसलेल्या उंदरांचे कॉर्टेक्सचे थर उलटसुलट होतात. गडबड कधी होते, तर पेशीत कॅल्शियम फार वाढलं की कॅलपेन नावाचं एन्झाइम पी३५ चा तुकडा पाडतं, उरतो पी२५, तो जास्त टिकतो आणि सीडीके५ ला नको तिथे नको तितका चालू ठेवतो, त्यात टाऊ प्रोटिनावर जास्त फॉस्फेट बसतात. टाऊच्या गाठी अल्झायमरमध्ये सापडतात हे तुम्ही ऐकलं असेलच.

न्यूरॉन मरतो त्यात पेशीचक्राचा हात कसा काय?

गर्भात गरजेपेक्षा जास्त न्यूरॉन बनतात आणि काही गटांत निम्म्याच्या आसपास मरतात सुद्धा, हे नॉर्मल आहे. जगायला त्यांना ज्या पेशींशी जोडलं जायचं त्यांच्याकडून पोषक सिग्नल लागतो. त्यातला पहिला सापडलेला म्हणजे एनजीएफ, रिटा लेवी-मॉन्तालचिनी आणि स्टॅनली कोहेन यांना त्यासाठी १९८६ चं नोबेल मिळालं. या बाईंनी युद्धाच्या काळात, ज्यू म्हणून युनिव्हर्सिटी बंद झालेली असताना, घरच्या बेडरूममध्ये कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग केले होते. साधनं नाहीत म्हणून रडणाऱ्या प्रत्येक बॅचला मी हे सांगते.

तर एनजीएफ काढून घेतलं की सिम्पथेटिक न्यूरॉन मरतात, आणि १९९४ मध्ये दिसलं की मरायच्या आधी त्यांच्यात सायक्लिन डी१ चा जीन वर जातो. ज्याला विभागायचंच नाही त्याच्यात जी१ चं प्रोटीन! मग सीडीके रोखणारी औषधं देऊन बघितली तर बरेच न्यूरॉन वाचले. साखळी साधारण अशी: सायक्लिन डी आणि सीडीके४ आरबीची मिठी सोडवतात, ई२एफ मोकळा होतो, आणि न्यूरॉनमध्ये मोकळा ई२एफ डीएनए कॉपी करण्याच्या जीनबरोबर मृत्यूचे जीन पण उठवतो. सीडीके१ चालू झाला तर तो बीएडी नावाच्या मृत्यूकडे नेणाऱ्या प्रोटिनाला चालना देतो. डीएनएला इजा झाली तरी हीच वाट उघडते असं पुष्कळ प्रयोगांत दिसलंय.

आमच्या आवशीक (आईला) अल्झायमर आसा, तिच्या मेंदूत पण ह्याच चाल्ला काय?

हा प्रश्न कट्टा गावच्या एका मावशीने विचारला होता, त्या आधी म्हणाल्या, "आवस माका वळखणा नाय गो." त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते.

हो, काही न्यूरॉनमध्ये असं घडताना दिसलंय. अल्झायमरने गेलेल्या माणसांच्या मेंदूत, ज्या भागात न्यूरॉन मरतात तिथेच, सायक्लिन बी, सीडीके४ अशी प्रोटिनं सापडली. पण प्रोटीन सापडणं वेगळं आणि खरोखर डीएनए कॉपी होणं वेगळं, म्हणून २००१ मध्ये हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे आठवणी साठवणाऱ्या भागाच्या, न्यूरॉनमध्ये थेट गुणसूत्रांच्या जागा मोजल्या. दोन असायला हव्यात तिथे काही न्यूरॉनमध्ये तीन-चार निघाल्या. म्हणजे बोट तोंडातून बाहेर पडली होती. एस टप्पा झाला, पण एम कधीच आला नाही, दोन पेशी झाल्या नाहीत, आणि असा अडकलेला न्यूरॉन लगेच मरतो असंही नाही, बराच काळ तसाच राहू शकतो.

पण यावरून पेशीचक्र हे अल्झायमरचं मूळ कारण आहे असं मी म्हणणार नाही. अमायलॉइड नावाच्या प्रोटिनाचे थर, टाऊ, सूज, रक्तवाहिन्या, वय, हे सगळं त्यात आहे, आणि चक्रात परत शिरणं हे आधी होतं का मागून येतं यावर वाद आहे. मावशींना एवढंच सांगितलं की आवशीने काही चुकीचं खाल्लं म्हणून किंवा तुम्ही लक्ष दिलं नाही म्हणून हे झालेलं नाही. त्या गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या की तिला अजून गजाली (गप्पागोष्टी) आठवतात, लहानपणच्या. ते पण खरंच आहे, नव्या आठवणी आधी जातात, कारण इजा सुरुवातीला हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागात होते.

मग सीडीके थांबवायच्या गोळ्या मिळतात ना, त्या देऊन बघायच्या का?

नाही. स्वतःच्या मनाने तर अजिबातच नाही. पाल्बोसिक्लिब २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, मग रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब, या सीडीके४ आणि ६ रोखतात आणि ब्रेस्ट कॅन्सरच्या ठराविक प्रकारात खूप उपयोगी आहेत. पण शरीरात रक्ताच्या पेशी, आतड्याचं अस्तर हे रोज विभागावंच लागतं, म्हणून या गोळ्यांवर पांढऱ्या पेशी कमी होतात, जुलाब होतात, सारखी रक्ततपासणी लागते. ऐंशी वर्षांच्या माणसाला हे झेपणं सोपं नाही, त्यात औषध मेंदूत नीट पोचायला पण हवं. अल्झायमरसाठी यातली एकही मंजूर नाही.

आणि हे पण लिहितेच. आमच्या नात्यात एकाने घरोघरी फिरणाऱ्या एजंटकडून मेंदूच्या पेशी परत वाढवणारे थेंब घेतले होते, महिन्याला काही हजार, वर्षभर. आजोबांना फरक शून्य, आणि त्या नादात डॉक्टरांनी लिहिलेली बीपीची गोळी मागे पडली. न्यूरॉन विभागायला लागणं ही चांगली बातमी नसते एवढं जरी त्या घरात कोणाला माहीत असतं तरी ते पैसे वाचले असते, म्हणून मला हा विषय सगळ्यांपर्यंत पोचवायचाय.

केमोनंतर हातापायाला मुंग्या येतात, न्यूरॉन विभागत नाहीत तर केमो त्यांना का लागतो?

हुशार प्रश्न. अंगणातली सदाफुली माहीत आहे ना, वाळूत पण बिनपाण्याची फुलते, तिच्यापासून व्हिन्क्रिस्टीन मिळतं. ते आणि पॅक्लिटॅक्सेल ही औषधं मायक्रोट्यूब्यूल नावाच्या नळ्यांना बिघडवतात, विभागणाऱ्या पेशीचा स्पिंडल याच नळ्यांचा असतो म्हणून कॅन्सरची पेशी अडकते. पण न्यूरॉन याच नळ्या रुळासारख्या वापरतो, पाठीच्या कण्याजवळून पायाच्या बोटापर्यंत माल पोचवायला. रूळ बिघडले की सगळ्यात लांबचं स्टेशन आधी उपाशी, म्हणून मुंग्या पायाच्या आणि हाताच्या बोटांपासून सुरू होतात. डॉक्टरांना लगेच सांगा, ते डोस बदलू शकतात, आणि आपणहून केमो बंद करू नका.

लहान मुलाच्या फोटोत डोळ्याची बाहुली पांढरी चमकते, याचा इथे काय संबंध?

आरबी हे नावच रेटिनोब्लास्टोमावरून आलंय, डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर, बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होणारा. १३ व्या गुणसूत्रावरच्या आरबीच्या दोन्ही प्रती बिघडल्या की होतो, हा दोन धक्क्यांचा विचार नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडला. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल आणि एक पांढरी दिसत असेल तर दुसरी कारणं पण असू शकतात, पण नंतर बघू म्हणू नका, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. लवकर कळलं तर जीव तर वाचतोच, बऱ्याचदा डोळा पण वाचतो.

मोठ्या माणसात नवे न्यूरॉन बनतात की नाही, एकदाच सांगा

कॉर्टेक्समध्ये जवळजवळ नाही. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ वरून पेशीचं वय काढता येतं, त्यात कॉर्टेक्सचे न्यूरॉन माणसाच्याच वयाचे निघाले. प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये २०१३ च्या मोजणीत दिवसाला साधारण ७०० नवे, पण २०१८ मध्ये दुसऱ्या गटाला मोठ्यांत सापडलेच नाहीत, वाद चालू आहे. आणि बनतात तिथे पण नवे येतात ते मूळ पेशींपासून, जुना न्यूरॉन विभागून नाही.

परीक्षेत "सेंट्रिओल नसतो म्हणून न्यूरॉन विभागत नाही" असं लिहायचं का?

मार्कांसाठी तुमच्या पुस्तकात जे असेल ते लिहा, पण कळून घ्यायचं असेल तर सेंट्रिओल बहुतेक न्यूरॉनमध्ये सापडतो, त्याचं नळ्या जुळवण्याचं काम बरंचसं सुटलेलं असतं एवढंच. वनस्पतींच्या पेशींना सेंट्रिओल नसून त्या विभागतातच ना.

ते सी अर्चिन मालवणात कुठे बघायला मिळतील?

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी मोठी असते तेव्हा कातळाचा किनारा असेल तिथे जा, पाणी उतरल्यावर खाचांत आणि डबक्यांत बघा. पायात जाड तळाची चप्पल हवी, काटा पायात मोडला तर आत राहतो आणि फार ठणकतो. उचलून घरी आणू नका, बादलीत तासाभरात मरतात. भरती कधी चढणार ते आधी जेटीवर कोणाला तरी विचारून जा आणि एकटं जाऊ नका.